तुळईची गिटार

लातूरच्या गोलाईच्या बाजारात बसलिंगप्पांचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागच्या गोदामात एक सागवानी तुळई पडून होती. तिला काही काम नव्हतं. साखरेची पोती तिच्या अलीकडे लागत, डाळीची पलीकडे. तिच्यावर मात्र कुणी मिठाची पिशवी टेकवलेलीसुद्धा बसलिंगप्पांना खपत नसे. नवा हमाल आला की त्याला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या जात. गोदामात विडी ओढायची नाही आणि तुळईवर बसायचं नाही. विडीचं कारण विचारायची गरज नव्हती, तुळईचं विचारायची कुणाची छाती नव्हती.

तुळई गावाकडच्या घराच्या माती-लाकडाच्या माळवदाची. गाव किल्लारीच्या बाजूचं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते माळवद खाली बसलं आणि त्यात बसलिंगप्पांची बायको महानंदा गेली. नऊ वर्षांचा मुलगा रुद्रेश ज्वारीच्या कणगीआड जिवंत सापडला. तुळईला खरचटलंसुद्धा नाही. आता ज्या घरानं माणूस घेतलं त्या घराचं लाकूड दुसऱ्या घराला लावत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते चुलीत घालायलाही हात धजत नाही. दुसऱ्या एखाद्या जातीत असते तर बाईबरोबर तुळईही सरणावर चढली असती आणि प्रश्न मिटला असता. पण लिंगायतांत जाळत नाहीत, माणूस मातीत बसवतात. सरकारनं पुढं भूकंपरोधक घर दिलं, त्याचं छत सिमेंटचं. म्हणजे तिथंही तुळईला नोकरी नव्हती. शेवटी बसलिंगप्पांनी ती ट्रकात घालून लातूरला आणली, आणि आणल्यावर तिचं काय करायचं हा विचार पुढं ढकलला.

भूकंपाच्या त्या पहाटे बसलिंगप्पा घरी नव्हते. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन होतं. महानंदानं निरोप धाडला होता की सणाचा दिवस आहे, आज तरी घरी या. पण गोलाईत मिरवणूक, गर्दी, गर्दीला साखर-खोबरं लागणार. बसलिंगप्पा दुकानातच राहिले आणि पोत्यावर झोपले. झोपेत त्यांना धक्का बसला, तेव्हा डब्यांची एक रांग पडली. त्यांचं नुकसान एवढंच.

तेव्हापासून या माणसाला जगात एकच गोष्ट हवी होती. शेवटच्या घटकेला महानंदा काय म्हणाली, ते कळायला हवं होतं. तिनं हाक मारली असणार, आणि हाकेला आपण नव्हतो, असं ते मनाशी धरून होते. ते खरं की खोटं हे सांगणारा एकच साक्षीदार होता आणि तो रोज त्यांच्या समोर बसून भाकरी खात होता. पण विचारायचं कसं? विचारलं आणि पोरानं खरं सांगितलं तर? दुकानदारानं मूग विकायचे असतात, गिळायचे नसतात. बसलिंगप्पांनी चोवीस वर्षं गिळले.

रुद्रेश आता कोचिंग क्लासला फिजिक्स शिकवत होता. लातुरात त्या दिवसांत एकाआड एक घरावर होस्टेलची पाटी होती आणि ज्या घरावर नव्हती तिथं मेस चालायची. सगळ्या महाराष्ट्रातली पोरं डॉक्टर व्हायला येत आणि दोन वर्षं बिस्किटांवर काढत, त्यामुळे दुकान बरं चाललं होतं. असाच एक विद्यार्थी पुडा घेताना म्हणाला, रुद्रेश सर तरंगांचा धडा लई भारी शिकवतात, भूकंपाची पहिली लाट आणि दुसरी लाट फळ्यावर अशी काढतात की बस्स. बसलिंगप्पांनी सुटे पैसे हातातच धरून विचारलं, अजून काय सांगतात? पोरगं म्हणालं, यावर एक प्रश्न हमखास येतो.

रुद्रेशला गिटारचा नाद होता. नांदेडला इंजिनिअरिंग करताना लागलेला, पदवीनंतर टिकलेली तेवढी एकच गोष्ट. आणि एके दिवशी जेवताना, ताटाकडे बघत, त्यानं तुळई मागितली. इलेक्ट्रिक गिटार बनवून घ्यायची आहे म्हणाला. मग त्यानं भौतिकशास्त्राचा एक तास घेतला. लाकूड जितकं जुनं, जितकं वाळलेलं, तितका सूर जास्त टिकतो; असं सागवान आता पैसे देऊनही मिळत नाही; बाहेरच्या देशात लोक पडक्या घरांची लाकडं शोधत फिरतात. बसलिंगप्पा ऐकून घेत होते. यातला एकही मुद्दा खरा मुद्दा नव्हता हे त्यांना कळत होतं, आणि त्यांना कळतंय हे रुद्रेशलाही कळत होतं. बापलेकांचं सगळं असंच चालायचं.

यापूर्वी तुळई अनेकांनी मागितली होती. एका लाकूडवाल्यानं मागितली, एका देवस्थानानं मागितली. सगळ्यांना नकार मिळाला होता. या खेपेला बसलिंगप्पांनी आधी जंगम स्वामींना विचारलं. स्वामी बराच वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले की घराला चालत नाही, चुलीला चालत नाही, गिटारचं कुठं काही लिहिलेलं दिसत नाही. मग बसलिंगप्पांनी होकार दिला, आणि अट घातली की गिटार करायला जाताना दर खेपेला मी सोबत येणार. लाकूड वाया जाऊ नये म्हणून, असं कारण सांगितलं. खरं कारण असं होतं की गिटार बनवणारा नांदेडला होता, लातूर ते नांदेड रस्ता चांगला लांब आहे, आणि गाडीत माणसाला उठून जाता येत नाही.

सॉमिलमध्ये तुळईचा मधला तुकडा कापला. करवत लाकडात घुसली तेव्हा बसलिंगप्पा बाहेर जाऊन उभे राहिले आणि रस्त्यावरच्या क्लासच्या जाहिराती वाचू लागले. सगळ्या पोरांना नव्वदच्या वर टक्के होते.

नांदेडला इतवाऱ्यात यासेरचं दुकान होतं. त्याच्या बापाची सगळी हयात वरातीचे बेंजो बनवण्यात गेली; आता यासेर आणि त्याची बहीण हुमा ते दुकान चालवत होते. भिंतीवर बेंजो टांगलेले, कोपऱ्यात माणसाच्या उंचीचा एक स्पीकर. यासेर लाकूडकाम करायचा आणि हुमा पिकअप भरायची. पिकअप म्हणजे तारांखाली बसणारं चुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी; तार हलली की हे तिचं हलणं विजेत करून स्पीकरकडे धाडतं. हुमा शिलाई मशीनच्या मोटरवर ती वेटोळी भरायची आणि भरताना कुणाशी बोलायची नाही.

साधं एका वेटोळ्याचं पिकअप वरातीत चालत नाही, हे यासेरनं पहिल्याच भेटीत सांगितलं. वरातीमागं जनरेटरचा गाडा असतो आणि एकटं वेटोळं जनरेटरची घरघर पकडून स्पीकरमधून सोडतं. म्हणून ते लोक शेजारीशेजारी दोन वेटोळी बसवायचे, एक सुलटं, एक उलटं. घरघर दोन्हीत शिरते आणि एकमेकीला खाऊन टाकते, सूर तेवढा उरतो. रुद्रेश म्हणाला, यालाच हंबकर म्हणतात. यासेर म्हणाला, म्हणत असतील.

मग खरा वाद सुरू झाला. धड सागाचं, तर मान कशाची, आणि त्या जोडीला हंबकर कसला? रुद्रेशला मानेला मेपल हवं होतं. यासेरकडे किनवटकडचं शिसव होतं, त्यामुळे त्याचा आग्रह शिसवाचा होता. साग जड आणि तेलकट, खालचे सूर भरभरून देतो, असं रुद्रेशचं मत. साग म्हणजे दाराचं लाकूड, आवाज अडवणं हे त्याचं काम, असं यासेरचं मत. सागाची गिटार दोघांनीही आयुष्यात पाहिलेली नव्हती, त्यामुळे वाद चांगलाच लांबला. बसलिंगप्पा स्टुलावर बसून दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. अखेर त्यांनी विचारलं की मेपल कुठं मिळतं. परदेशात, असं उत्तर आलं. मग शिसव घ्या, ते म्हणाले, आणि मानेचा निकाल लागला.

परतीच्या वाटेवर अहमदपूरला ते चहाला थांबले. इथं विचारायचं, असं बसलिंगप्पांनी सकाळी निघतानाच ठरवलं होतं. चहा आला, बशीत ओतला.

“रुद्रेश,” ते म्हणाले, “त्या टायमाला…”

“कोणत्या टायमाला, अप्पा?”

बसलिंगप्पांनी बशी फुंकली. “न्हाई, त्ये चुंबक किती ताकदीचं लागतं म्हनलास?”

रुद्रेशनं सांगायला सुरुवात केली आणि लातूर येईपर्यंत सांगत होता. ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक पुष्कळ असतात, पण या माणसाला ताक नको असताना हंडाभर प्यावं लागत होतं.

पुढच्या खेपेलाही तसंच झालं. लोह्याजवळ रस्ता खराब होता, गाडी हळू चालली होती, बसलिंगप्पांनी घसा साफ केला आणि विचारलं की तार कमी भरली तर काय होतं. तार कमी भरली तर आवाज लहान पण स्वच्छ येतो. तार जास्त आणि चुंबक तगडं असलं की आवाज दणदणीत, पण जड होतो, आणि लाकूड आधीच जड असलं तर सगळं खालून घुमतं. म्हणून सागाला सौम्य चुंबक आणि मोजकी तार, असा रुद्रेशचा हिशेब होता. असं करत करत बसलिंगप्पांना या विषयातलं इतकं कळायला लागलं की मेसवाले डाळ न्यायला आले तर त्यांनाही ते सांगू लागले, की जड लाकडाला तगडं पिकअप घालू नये, नाकापेक्षा मोती जड होतो. मेसवाले मान डोलवत. उधारी असली की माणूस कशालाही मान डोलवतो.

रात्री अंथरुणावर मात्र त्यांना स्वतःची चीड यायची. बायको काय म्हणाली ते विचारायला निघालेला माणूस चुंबकाचे प्रकार शिकून परत येतो, हा काय प्रकार झाला? पोराला सगळं विचारता येत होतं, तेवढं सोडून.

तिसऱ्या खेपेला गिटार तयार होती. सागाचं धड तेल लावून काळपट सोनेरी झालं होतं. शिसवाची मान त्यात अशी बसली होती की सांध्यात नख शिरू नये. बसलिंगप्पांनी हात लावला नाही, लांबून बघितलं. एवढ्या वर्षांत ते लाकूड त्यांनी आडवंच पाहिलेलं होतं. असं मांडीवर घेण्याजोगं ते होईल असं कधी वाटलं नव्हतं.

आता हंबकरचं सांगायला हवं. रुद्रेशनं हुमाला स्वच्छ शब्दांत बजावलं होतं की तार कमी भरा, चुंबक सौम्य घाला. हुमानं मान हलवली होती. पण हुमाचा धंदा वरातवाल्यांशी. वरातवाले आधी म्हणतात, कमी चालेल हो, जरा गोड आवाज द्या. मग वरात निघते, बाजूला ढोल, मागं जनरेटर, पुढं नाचणारे, बेंजो कुणाला ऐकू जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मंडळी दुकानात येऊन भांडतात. अशी भांडणं ऐकून हुमानं एक नियम करून टाकला होता. गिऱ्हाईक कमी म्हणो की जास्त, तार वरातीच्याच मापानं भरायची. स्पीकरचं जुनं काळं चुंबक घालायचं, त्याच्याइतकं तगडं दुसरं नसतं. नियम पाळल्यापासून एकही तक्रार आली नव्हती. तिनं रुद्रेशची गिटारही त्याच मायेनं भरली.

रुद्रेशनं गिटार मांडीवर घेतली. यासेरनं वायर जोडली आणि वरातीच्या सवयीनं स्पीकरचा आवाज पूर्ण फिरवला. जनरेटरची घरघर नव्हती, काही नव्हतं. हंबकरनं आपलं काम चोख केलं होतं. दुकानात चिडीचूप शांतता होती आणि त्या शांततेत रुद्रेशनं सगळ्यात जाड तार छेडली.

आवाज स्पीकरमधून आला असं कुणी म्हटलं नसतं. तो फरशीतून आला. आधी स्टुलाच्या पायातून वर चढला, मग शटरचा पत्रा थरथरला, आणि मग भिंतीवर टांगलेले सगळे बेंजो कुणी हात न लावता आपोआप वाजायला लागले. यासेरचं तोंड आनंदानं फुललं. तो म्हणाला की हा आवाज वरातीत काढला तर घोडा नवरदेवाला टाकून पळेल. कुणीच हसलं नाही म्हणून त्यानं रुद्रेशकडे पाहिलं.

रुद्रेशनं तारांवर पंजा दाबून धरला होता. आवाज केव्हाच थांबला होता, पण तो पंजा काढत नव्हता. हुमा उठून जवळ आली आणि अपराध्यासारखी म्हणाली, तार जास्त झाली, सर, मी कमी करते, आत्ता खोलते. तिनं मशीनवरचा दिवा लावला आणि हात पुढं केला.

“असाच होता,” रुद्रेश म्हणाला. तो हुमाशी बोलत नव्हता. “आधी असाच आला, खालून. मग उतरंडीची भांडी वाजली.”

बसलिंगप्पा स्टुलावर ताठ बसले. चोवीस वर्षं त्यांनी त्या पहाटेबद्दल नाना तऱ्हेची माणसं बोलताना ऐकली होती. पुढारी बोलले, पत्रकार बोलले, भूगर्भवाले बोलले. हा मात्र पहिल्यांदा बोलत होता. हुमाला त्यांनी हातानंच थांबवलं.

“परत वाजव,” ते म्हणाले.

रुद्रेशनं त्यांच्याकडे बघितलं. “अप्पा, नको.”

“वाजव बाळा. म्या न्हवतो तिथं. मला ऐकू दे.”

त्यानं वाजवली. पुन्हा फरशी, पुन्हा शटर, पुन्हा सगळे बेंजो. बसलिंगप्पांनी डोळे मिटले नाहीत. ते त्या सागाच्या तुकड्याकडे बघत राहिले आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत त्यांनी ऐकला. भीती वाटत होती, ती वाटू दिली. आणि मग, जे अहमदपूरला जमलं नाही आणि लोह्याला जमलं नाही, ते परक्याच्या दुकानात, परक्या माणसांपुढं, त्यांच्या तोंडून सरळ निघालं.

“तुझी आई काय म्हनली?”

यासेर आणि हुमा यातलं काही जाणत नव्हते, पण दोघंही जागच्या जागी थांबले. रुद्रेश तुटक तुटक बोलायला लागला. वर्गात तो सलग तीन तास बोलू शकत असे.

“उठून बसली,” तो म्हणाला. “वर तुळईकडं बघितलं. माती गळत होती. मला दंडाला धरून कणगीमागं ढकललं. आणि म्हनली, ‘बरं झालं बाई, ह्ये लातूरला हायेत.’”

“आन मग?”

“मग काही न्हाई, अप्पा.”

“हाक मारली न्हाई मला?”

“न्हाई. तेवढंच म्हनली. आणि आवाज… घाबरलेला नव्हता. सुटल्यासारखा होता.”

बसलिंगप्पांनी विचारलं की एवढी वर्षं हे सांगितलं का नाही. विचारताना त्यांचा आवाज चढला नव्हता, तरी रुद्रेशनं मान खाली घातली. तो म्हणाला की तुम्ही नव्हतात याचं आईला बरं वाटलं, हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगायचं, तेच लहानपणी कळलं नाही. आणि मोठा झाल्यावर कळलं तेव्हा वाटलं की आता फार उशीर झाला. तुम्ही कधी विचारलंही नाही. मला वाटलं, तुम्हाला ऐकायचं नाही.

रागावून गेली असेल, वाट बघत गेली असेल, शिव्या देत गेली असेल, असं सगळं बसलिंगप्पांनी महानंदाच्या नावानं मनात लिहून ठेवलं होतं. तिनं मात्र वर बघितलं होतं, हिशेब केला होता, आणि घरातलं एक माणूस या छताखाली नाही एवढ्यावर समाधान मानलं होतं. निरोप धाडूनही न आलेल्या नवऱ्याचं न येणं तिनं शेवटी जमेला धरलं होतं. बसलिंगप्पा धोतराच्या सोग्यात तोंड धरून रडले, आणि बरंच रडले. यासेरनं उगाच एक बेंजो भिंतीवरून काढला, फडक्यानं पुसला आणि परत टांगला.

मग बसलिंगप्पांनी तोंड पुसलं. कपाळावरचा भस्माचा पट्टा निम्मा पुसला गेला होता, ते त्यांना कुणी सांगितलं नाही. उठून ते रुद्रेशजवळ गेले आणि पहिल्यांदाच त्या लाकडाला हात लावला, मग तसाच तो हात पोराच्या डोक्यावर ठेवला. तेहतीस वर्षांचा फिजिक्सचा मास्तर, तो हात डोक्यावरून निघेपर्यंत हलला नाही.

“तार कमी कर, बेटी,” ते हुमाला म्हणाले. “ऐकायचं होतं त्ये ऐकून झालं. आता जरा गोड वाजू दे.”

हुमानं स्क्रू ढिले केले, हंबकर उचलून दिव्याखाली धरला आणि विचारलं, किती कमी करू? बसलिंगप्पांनी रुद्रेशकडे बोट दाखवलं. याला विचार, ते म्हणाले, यातलं याला कळतं.